नको आपल्याला

निम्मेशेठ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जुन्या फर्निचरच्या बाजारात त्याचं दुकान होतं. समोरच्यानं कुठलीही किंमत सांगो, ह्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "निम्मे". बाजारानं तेच नाव त्याला चिकटवलं आणि त्यानं ते पदवी मिळाल्याच्या थाटात मिरवलं. त्याच्या बायकोला सगळा बाजार वहिनी म्हणायचा. दुकानामागच्या खोलीत बसून ती जुन्या सोफ्यांना नवी कव्हरं शिवायची, बसक्या खुर्च्यांच्या गाद्या पुन्हा भरायची, आणि खरेदीच्या वेळी नवऱ्याबरोबर जाऊन एक वाक्य म्हणायची.

"चला हो, नको आपल्याला."

काम एवढंच, पण ते नेमक्या क्षणी व्हायला लागायचं. निम्मेशेठ आधी वस्तूत खोड्या काढायचा, मग निम्मी किंमत सांगायचा, आणि समोरचा चिडायच्या बेतात आला की स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवायचा. ती खूण. खूण झाली की वहिनीनं त्याची बाही ओढायची, वाक्य म्हणायचं आणि दोघांनी पाठ फिरवून चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही, वळला तो हरला. थोडं अंतर गेलं की मागून हाक यायचीच: "अहो शेठ, या परत. बसून बोलू."

वहिनी ते वाक्य असं म्हणायची की ऐकणाऱ्याला खरंच वाटावं. त्यात नाटक फारसं नव्हतं, नको म्हणायची तिला सवयच पडली होती. मनात भरलेली निळी शाल नको. कोपऱ्यावरच्या इमारतीतलं, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेलं घर नको. पायानं मारायच्या मशीनऐवजी विजेवरचं मशीन नको. सुरुवातीला नको म्हणताना ती त्या वस्तूकडे एकदा वळून बघायची. पुढे पुढे तेही थांबलं.

त्यांचं लग्नसुद्धा असंच जमलं होतं. तिच्या वडिलांचं मोठं कपाट विकत घ्यायला तो पहिल्यांदा त्यांच्या घरी आला, निम्म्यावर अडून बसला आणि पाठ फिरवून जिना उतरू लागला. घरात ओढाताण होती आणि वडिलांना हाक मारायची लाज वाटत होती. शेवटी तिनंच जिन्यात जाऊन "अहो, या परत" म्हटलं. निम्मेशेठ आजही चारचौघांत सांगायचा, "कपाट निम्म्यात आणलं आणि ही वर फुकट." लोक हसायचे. तीही हसायची, न हसून सांगते कुणाला?

एका बाबतीत मात्र तिनं कधी नको म्हटलं नव्हतं. ते म्हणजे बेट.

तिची थोरली बहीण, ताई, टेलिफोनच्या कचेरीत कामाला होती. तरुणपणी एकदा कचेरीतल्या मैत्रिणींबरोबर ती बेटावर जाऊन आली आणि त्या दोन दिवसांवर तिनं जन्म काढला. काचेच्या तळाची नाव असते म्हणे. तिच्यात ओणवं बसलं की खाली प्रवाळांची बाग दिसते. जांभळे पंखे, केशरी फांद्या, आणि मधून फिरणारे पिवळेधमक मासे. "कुणी न लावलेली बाग आहे गं," ताई म्हणायची. "मला तर रडू आलं. तू एकदा बघून ये. मी सांगते ते काहीच नाही." ताईनं लग्न केलं नाही, फार कुठे फिरली नाही, आणि मागच्या वर्षी दुखण्यातून उठली नाही. शेवटच्या दिवसांत दवाखान्याच्या खाटेवर तिनं पुन्हा विचारलं, "गेलीस का गं?"

"जाईन," वहिनी म्हणाली होती.

जायचं कधीपासून होतंच. दर वर्षी निम्मेशेठ हिशेब मांडायचा आणि म्हणायचा, "यंदा भाव चढलेत. हंगाम सरू दे, उतरतील." भाव काही उतरायचं नाव घेत नव्हते. ज्या किमतीला त्यानं पहिल्या वर्षी नाक मुरडलं, त्या किमतीत आता नुसती बोटीची तिकिटं यायची. ताई गेल्यावर मात्र वहिनीनं शिवणाची कात्री खाली ठेवली आणि सांगितलं की या वर्षी मी जाणार, तुम्ही आलात तर ठीक. निम्मेशेठ आला. बायकोला एकटीला पाठवलं तर लोक सांगतील ती किंमत ती मोजून येईल, ही धास्ती त्याला जास्त होती.

बेटाच्या धक्क्यावर पाय ठेवताच कर भरावा लागला. कशाचा, तर पाय ठेवल्याचा. निम्मेशेठनं खिडकीतल्या माणसाला "निम्मे" म्हटलं, तेव्हा त्या माणसानं वरही न बघता मागच्याला पुढे यायला सांगितलं. निम्मेशेठनं डोक्यावरून हात फिरवला. वहिनीनं बाही ओढून वाक्य म्हटलं. दोघं पाठ फिरवून चालू लागले आणि थोड्या वेळानं धक्क्याच्या टोकाला येऊन थांबले, कारण पुढे पाणी होतं. मागून हाक आली नाही. परत येऊन रांगेच्या शेवटी उभं राहावं लागलं.

खोलीचंही तेच झालं. समुद्राकडची खोली घरमालकिणीनं दाखवली. खिडकीतून एवढं पाणी दिसत होतं की वहिनी दारातच थबकली. पण हात डोक्यावरून फिरला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिचं तोंड आपोआप उघडलं. "चला हो, नको आपल्याला." घरमालकीण म्हणाली, "बरं," आणि किल्ली मागे उभ्या असलेल्या जोडप्याला दिली. ह्यांना मिळाली ती खोली स्वयंपाकघराच्या मागची. खिडकी उघडली की तळणाचा धूर आत यायचा, बंद केली की जीव घुसमटायचा. भाडं घरच्या महिन्याच्या किराण्याच्या वर, तेही दिवसाला. शिवाय टॉवेल हवा तर वेगळे, गरम पाणी हवं तर वेगळे, आणि ठरलेल्या तासांपलीकडे पंखा चालला तर त्याचेही वेगळे.

"हवेचेसुद्धा पैसे घेता का हो?" निम्मेशेठनं विचारलं.

"विजेचे घेते," घरमालकीण म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि थकलेली दिसत होती. "माझा स्वतःचा मुलगा पलीकडच्या काठावर भाड्यानं राहतो शेठ. इथे जन्मला, पण इथलं भाडं त्याला परवडत नाही. रोज बोटीनं येतो, तुमच्यासारख्यांच्या बॅगा उचलतो आणि परत जातो. आता मी कुणाला निम्मे म्हणू?"

निम्मेशेठनं मग उशीत खोड काढली.

दुसऱ्या दिवशी ती दोघं समुद्रावर गेली. वाळूत खुर्च्या मांडल्या होत्या. बसायचे पैसे, छत्रीचे पैसे, आणि खुर्ची नको म्हणून वाळूतच बसावं तर ती वाळू म्हणे समोरच्या हॉटेलची. एक गणवेशातला माणूस फार अदबीनं येऊन त्यांना उठवून गेला. मग दोघं रस्त्याच्या कठड्यावर बसून घरून आणलेला पाव खात समुद्राकडे बघत राहिली. तेवढ्यात गाड्यांच्या रांगेतून कुणीतरी हॉर्न मारून म्हणालं की कठड्यावर बसू नका, दृश्य अडतं. वहिनीला हसू आलं. निम्मेशेठला नाही. माणूस एरवी कंजूष असला तरी लाचार नसतो, आणि इथे ती वेळ आल्यासारखं त्याला वाटत होतं. वहिनीला त्याची दयाही आली. आयुष्यभर जे एक हत्यार चालवलं ते इथे बोथट निघालं होतं, आणि दुसरं त्याच्याकडे नव्हतं.

दुपारी ते नावेच्या धक्क्यावर गेले. काचेच्या तळाच्या नावा तिथे ओळीनं बांधल्या होत्या. वहिनी धक्क्याच्या कडेपर्यंत गेली. ताई इथेच उभी राहिली असेल, असं तिला वाटलं. नाववाला पन्नाशीचा, उन्हानं काळवंडलेला माणूस होता. त्यानं किंमत सांगितली.

"निम्मे," निम्मेशेठ म्हणाला. "नाव जुनी आहे. काचेवर ओरखडे आहेत. आणि वारा बघा."

"भाव ठरलेला आहे साहेब. सगळ्यांचा एकच."

"सगळे येडे असतील."

हात डोक्यावरून फिरला. आणि वहिनीनं, काय करतेय ते कळायच्या आत, बाही ओढली. "चला हो, नको आपल्याला." शब्द तोंडातून सुटले तशी ती स्वतःवरच संतापली. दोघं पाठ फिरवून चालली. मागे नावेचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, मग लोकांचं हसणं, मग आवाज लांब लांब गेला. निम्मेशेठ मान ताठ ठेवून चालत होता.

"उद्या बोलावेल," तो म्हणाला. "आज गिऱ्हाईक होतं म्हणून माज केला."

उद्या सुट्टीचा दिवस निघाला. नाववाल्यानं किंमत आणखी वर सांगितली. निम्मेशेठ भडकला, कालचा भाव तरी दे म्हणाला. नाववाला म्हणाला, "काल काल होतं." पुन्हा पाठ फिरवणं झालं. ह्या वेळी वहिनी वाक्य म्हणाली नाही, नुसती मागोमाग चालली. निम्मेशेठला ते खटकलं. संध्याकाळी धुराच्या खोलीत तो तिला म्हणाला, "तू साथ दिली नाहीस म्हणून तो ताणत बसला. तुझा चेहराच सांगतो की तुला हवंय. चेहरा झाक."

"मला हवंच आहे," ती म्हणाली.

"म्हणून तर झाकायचा."

रात्रभर ती आढ्याकडे बघत पडून राहिली. तिला ताईचा राग आला, की हिनं हे सांगून का ठेवलं. मग आपलाच आला. नवऱ्यावर रागावायचं तर तो वर्षानुवर्षं होता तसाच होता. त्यानं कधी फसवलं नव्हतं. वाक्य तिचं होतं, तोंड तिचं होतं.

परतीची बोट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. सकाळी दोघं पुन्हा धक्क्यावर गेली. नावेत माणसं बसत होती, शेवटच्या फळीवर जागा उरली होती. नाववाल्यानं सुट्टीचा भाव कायम ठेवला होता. निम्मेशेठनं बोलायला सुरुवात केली. काच, ओरखडे, वारा, डिझेलचा वास, सगळं काढून झालं. नाववाला दोर सोडायला वाकला. निम्मेशेठनं डोक्यावरून हात फिरवला.

वहिनीनं बाही ओढली नाही.

त्यानं पुन्हा हात फिरवला. मग तिच्याकडे न बघता स्वतःच म्हणाला, "चल, नको आपल्याला," आणि पाठ फिरवून चालू लागला. ताठ मान, ठरलेली चाल. इतक्या वर्षांत ती पाठ तिनं कधी बघितली नव्हती, कारण ती कायम त्याच्या बरोबरीनं चालत आली होती. लांबून ती पाठ फार लहान दिसत होती. हाक मारावी असं वाटलं, आणि मारली तर तो जिंकला असं मानेल हेही कळत होतं.

तिनं ब्लाउजमधली पुरचुंडी काढली. शेजारणींच्या उशांचे अभ्रे शिवून साठवलेले ते पैसे होते, निम्मेशेठला माहीत नसलेले. नाववाल्यानं मागितले तेवढे तिनं मोजून दिले आणि फळीवर बसली.

"साहेब?" नाववाल्यानं विचारलं.

"त्यांना नकोय," ती म्हणाली. "मला हवंय."

नाव सुटली. निम्मेशेठ शेवटपर्यंत वळला नाही. शिस्तीचा पक्का होता.

पाण्यावर आल्यावर तिला जे वाटलं ते तिनं पूर्वी कधी अनुभवलं नव्हतं. पूर्ण किंमत मोजलेली एक गोष्ट तिची स्वतःची होती. वाऱ्यानं केस विस्कटले तरी तिनं सावरले नाहीत. नाव बरीच आत गेली, इंजिन थांबलं, आणि नाववाल्यानं सगळ्यांना खाली वाकून बघायला सांगितलं. वहिनी गुडघ्यांवर आली. काचेला दोन्ही हातांचा आडोसा करून तिनं डोळे टेकवले.

खाली राखाडी रंगाचा ढिगारा होता. पाडलेल्या भिंतीचा मलबा असावा तसा. तुटक्या फांद्या, त्यांच्यावर शेवाळाची साय, एक अडकलेली दोरी. नाववाल्यानं पावाचे तुकडे टाकले तेव्हा चार मळकट मासे आले आणि तुकडे संपताच गेले. शेजारचा माणूस काचेवर स्वतःच्या पावलांचा फोटो काढत होता. बाकीचे म्हणत होते, वा, मस्त.

तिला वाटलं, हे अलीकडचं असेल, पुढे असेल बाग. नाव वळायला लागली तेव्हा तिनं नाववाल्याच्या जवळ सरकून विचारलं, "दादा, बाग कुठाय?"

"हीच ती."

"जांभळे पंखे होते. केशरी फांद्या."

नाववाल्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या बहिणीनं. तिनं पाहिलेत."

"खरं पाहिलंय मग. मी तेव्हा वडिलांबरोबर नावेवर असायचो. काच पुसायचीसुद्धा गरज नसायची, इतके रंग वर यायचे." त्यानं सुकाणू वळवलं. "पाणी तापत गेलं बाई. आधी सगळं पांढरं पडलं, मग असं झालं. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत त्या टोकाला थोडं जिवंत होतं."

"मग पैसे का वाढवता?"

"डिझेल वाढलं. कर वाढला. नाव बांधायच्या जागेचं भाडं वाढलं." त्यानं खांदे उडवले. "आणि लोक यायचे थांबत नाहीत. खरं सांगू? तुमचे साहेब भांडत होते ते खोटं नव्हतं. पण मी काय करू, मला दुसरं काही येत नाही."

वहिनी जागेवर येऊन बसली. रडू आलं नाही. ताईला आलं होतं ते वेगळं. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत, हे शब्द तेवढे डोक्यात फिरत राहिले. चार-पाच वर्षांपूर्वी ताई धडधाकट होती. दोघींना मिळून येता आलं असतं. त्या वर्षी निम्मेशेठ काय म्हणाला होता ते तिला आठवलं, कारण दर वर्षी तो तेच म्हणायचा.

धक्का जवळ येईपर्यंत तिनं एक खोटं नीट शिवून तयार केलं. ताईच्याच शब्दांत सांगायचं. बाग होती म्हणायचं, पंखे होते, रडू आलं. त्याला जन्मभर चुटपुट लागू दे.

निम्मेशेठ धक्क्यावरच्या खांबाला टेकून उभा होता. चेहरा उतरलेला. भर उन्हात तो तिथून हलला नव्हता, हे त्याच्या लाल कानांवरून कळत होतं. ती उतरली तसा तो पुढे आला. कशी आहेस, का गेलीस, काही विचारलं नाही.

"किती घेतले?"

"मागितले तेवढे."

त्यानं डोळे मिटून घेतले. मग हळूच विचारलं, "आणि काय दिसलं?"

तयार खोटं जिभेवर होतं. पण ताईचे शब्द ह्या माणसापुढे टाकायचे, त्यानं त्यात खोड काढायची, हे तिच्यानं झालं नाही. "काही नाही," ती म्हणाली. "सगळं मेलंय खाली. नुसता मलबा आहे."

निम्मेशेठचा चेहरा बघता बघता उजळला. चार दिवसांत तो असा एकदाही हसला नव्हता. कर, खोली, वाळू, कठडा, सगळ्यांचा सूड एका वाक्यात निघाला होता. "मी काय म्हणत होतो?" तो म्हणाला. "निम्म्याचासुद्धा माल नव्हता. चल, आज पोटभर जेवू. भाव बघू नकोस." आणि खरंच तो तिला धक्क्याजवळच्या, पांढऱ्या टेबलक्लॉथच्या हॉटेलात घेऊन गेला. मेनूकार्ड उलटंसुलटंही न करता त्यानं मासे मागवले, भात मागवला, वर काहीतरी गोडही सांगितलं. ओळखपाळख नसलेल्या वेटरला त्यानं सगळी हकिकत ऐकवली. पुढच्या टेबलावरच्यांनाही ऐकवली. बायको गंडली आणि मी वाचलो, हे सांगताना त्याच्या बोलण्यात तिच्याबद्दल माया होती, आणि तेच तिला सहन होईना.

"मनाला लावून घेऊ नकोस," तो तिच्या हातावर थोपटत म्हणाला. "तुझ्या ताईलाही तेव्हा असंच गंडवलं असणार. बिचारीला सांगायची लाज वाटली असेल."

वहिनीनं चमचा खाली ठेवला.

"ताईनं पाहिलं ते खरं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "नाववाल्यानं सांगितलं मला. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत थोडं जिवंत होतं. ताईही होती तेव्हा. आपण भाव उतरायची वाट बघत बसलो. बाग गेली, ताई गेली, आणि भाव वाढलाच."

निम्मेशेठचा घास हातात राहिला. तो तिच्याकडे बघत होता आणि तिला क्षणभर वाटलं की आता हा काहीतरी बोलेल. काहीही. चुकलं म्हणेल, नाहीतर निदान ताईचं नाव घेईल. तिनं वाट बघितली.

वेटर बिल ठेवून गेला. निम्मेशेठनं सुटल्यासारखा श्वास घेतला, चष्मा नाकावर चढवला आणि बिल वरपासून वाचायला लागला. शेवटाला येऊन त्याचं बोट थांबलं.

"ओ भाऊ," त्यानं वेटरला हाक मारली. "ही पाण्याची बाटली कशी लावली? आम्ही मागवलीच नव्हती."

वेटर परत आला आणि दोघांकडे बघत उभा राहिला. निम्मेशेठनं डोक्यावरून हात फिरवला.

"मी मागवली होती," वहिनी म्हणाली, आणि बाटलीतलं उरलेलं पाणी स्वतःच्या ग्लासात ओतून घेतलं.